हुलिया आणि दाग

एखादा प्रोग्राम संगणकावर बसवताना प्रोसेसरचा, मदरबोर्डचा आणि हार्ड डिस्कचा क्रमांक गुपचूप वाचून घेतो, हे कोणाच्या तरी लक्षात येते आणि ठरलेला वाद पेटतो. एक बाजू म्हणते, ही सरळसरळ हेरगिरी आहे, यंत्राचे क्रमांक वाचायला कायद्यानेच मनाई हवी. दुसरी म्हणते, कष्टाने लिहिलेले सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून गावभर फुकट फिरते, मग एका लायसन्सला एक यंत्र बांधून टाकण्यावाचून इलाज काय? दोघे तावातावाने भांडतात, पण एका बाबतीत त्यांचे न बोलता एकमत असते. संगणकाच्या आत कुठेतरी जगात एकमेव असा, न बदलणारा क्रमांक कोरलेला आहे आणि चार ओळींच्या कोडने तो हाती लागतो, असे दोघेही धरून चालतात. हे गृहीतकच चुकीचे आहे, आणि त्यामुळे त्यावर उभ्या राहिलेल्या दोन्ही मागण्याही चुकतात. कोडने हाती लागते ते यंत्राचे वर्णन. वर्णनाचे उपयोग पुष्कळ आहेत आणि त्यांसाठी ते उघडपणे, परवानगीने जरूर वाचावे. त्या वर्णनाचे कुलूप करणे मात्र चूक आहे, आणि ते साठवून माणसाचा माग काढणे त्याहून मोठी चूक आहे.

आधी हे क्रमांक मुळात काय आहेत ते पाहू, कारण वादात नेमके हेच कोणी पाहत नाही. विंडोजवर सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग म्हणजे डब्ल्यूएमआय, यंत्राची माहिती विचारण्याची विंडोजमधलीच सोय. त्यातल्या ‘विन३२ प्रोसेसर’ या वर्गाला ‘प्रोसेसर-आयडी’ विचारला की सोळा अक्षरांचा आकडा येतो आणि तो प्रोसेसरचा अनुक्रमांक आहे असे समजून हजारो प्रोग्रामांत वापरला गेला आहे. प्रत्यक्षात तो ‘सीपीयूआयडी’ या आज्ञेच्या उत्तराचा एक तुकडा असतो. निम्म्या भागात प्रोसेसरचे कुटुंब, मॉडेल आणि स्टेपिंग (त्या मॉडेलची सुधारित आवृत्ती) असते, तर उरलेल्या निम्म्यात कोणकोणत्या सुविधा आहेत त्याच्या खुणा. एकाच मॉडेलचे आणि एकाच स्टेपिंगचे दोन प्रोसेसर घेतले की दोघांचा हा आकडा तोच निघतो. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकाच खरेदीतून आलेले साठ संगणक असतील, तर साठांचाही ‘प्रोसेसर-आयडी’ एक. बाटाच्या चपलेचा नंबर वाचून चप्पल कोणाची ते सांगण्यासारखे हे आहे.

मदरबोर्डचा अनुक्रमांक खरोखर वेगळा असू शकतो. अडचण ‘असू शकतो’ मध्ये आहे. ही माहिती एसएमबायोस नावाच्या तक्त्यात असते आणि तो तक्ता कारखान्यात भरला जातो. नावाजलेल्या कंपनीचा लॅपटॉप असेल तर तो नीट भरलेला सापडतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सुटे भाग जोडून घेतलेल्या संगणकात मात्र त्या रकान्यात ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’, ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’ किंवा ‘सिस्टिम सीरियल नंबर’ असा कोरा मजकूर सर्रास मिळतो. त्याच तक्त्यात १२८ बिटांचा यूयूआयडी, म्हणजे यंत्राला दिलेला ओळखक्रमांक, असतो. तो सगळा शून्यांनी भरलेला असेल तर ओळख नाही, आणि सगळा ‘एफ’ने भरलेला असेल तर ओळख अजून दिलेली नाही, असे प्रमाणकच सांगते. त्याखेरीज काही बोर्डांवर तीन, दोन, चार, पाच, सहा असे आकडे ओळीने मांडलेला एकच नमुना-यूयूआयडी छापून येतो. शिवाय एसएमबायोसच्या २.६ या आवृत्तीपासून यूयूआयडीच्या पहिल्या तीन भागांतील बाइट उलट्या क्रमाने वाचायचे ठरले, त्यामुळे जुन्या यंत्रावर दोन साधनांनी तोच यूयूआयडी वाचला तर तो दोन प्रकारे दिसू शकतो.

डिस्कचे काय? इथे दोन गोष्टींची गल्लत ठरलेली. एक व्हॉल्यूम क्रमांक, जो फॉरमॅट करताना तयार होतो आणि पुन्हा फॉरमॅट केले की बदलतो. त्याचा हार्डवेअरशी काही संबंध नाही. दुसरा डिस्कचा स्वतःचा अनुक्रमांक. एटीए या डिस्क जोडण्याच्या प्रमाणकात तो ओळख-तक्त्याच्या दहाव्या ते एकोणिसाव्या शब्दांत, वीस अक्षरांचा असतो, आणि प्रत्येक शब्दातील दोन अक्षरे उलटसुलट साठवलेली असतात. ती सरळ केली नाहीत, मागेपुढे असलेल्या रिकाम्या जागा काढल्या नाहीत, तर डिस्क तीच राहूनही क्रमांक वेगळा भासतो. यूएसबी पेटीत डिस्क घातली तर कित्येकदा पेटीतल्या चिपचा क्रमांक मिळतो. रेडमागे, म्हणजे अनेक डिस्क एक करून दाखवणाऱ्या मांडणीमागे, तर कित्येकदा डिस्क दिसतच नाही. आणि नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता ४८ बिटांचा, त्यातले पहिले २४ उत्पादकाचे. पण डॉकिंग स्टेशन जोडले, व्हीपीएन बसवला, हायपर-व्ही (एका संगणकात आभासी संगणक चालवण्याची सोय) सुरू केले की पत्त्यांची यादी लांबते, आणि ‘यादीतला पहिला’ घेणारा कोड काल एक आणि आज दुसरा पत्ता घेऊन बसतो.

याहून वाईट प्रकार कोड फसतो तेव्हा होतो. गेली अनेक वर्षे प्रोग्रामर डब्ल्यूएमआयला विचारणारी ‘डब्ल्यूएमआयसी’ ही आज्ञा चालवून तिचा मजकूर वेचत आले. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये ती मोडीत काढत असल्याचे सांगितले आणि २०२४ च्या विंडोज ११ आवृत्तीत ती मुळात चालू नसते. आज्ञा सापडली नाही की त्रुटीचा संदेश वेगळ्या वाटेने जातो आणि प्रोग्रामच्या हाती रिकामी ओळ येते. लिनक्सवर ‘प्रॉडक्ट यूयूआयडी’ ही फाइल रूट म्हणजे प्रशासकाशिवाय कोणाला उघडता येत नाही, तिथेही तोच परिणाम. आता या रिकाम्या ओळीचा एमडी५ हॅश (मजकुराचा गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) काढला तर ‘डी४१डी८’ने सुरू होणारे बत्तीस अक्षरांचे भारदस्त उत्तर मिळते. दिसायला अगदी ओळखपत्र, आणि कोड फसलेल्या प्रत्येक यंत्रावर तेच! डेटाबेसमध्ये ‘डी४१डी८’ची रांग लागलेली दिसली तर ग्राहकांनी चोरी केली असे समजू नये. आपल्याच कोडने शून्यावर शिक्का मारला आहे. हॅशने कच्च्या माहितीतली चूक सुधारत नाही, ती झाकली जाते.

आता लायसन्स यंत्राला बांधू पाहणाऱ्यांच्या सर्वांत भक्कम मुद्द्याकडे वळू. नाशिकचा किंवा कोल्हापूरचा एखादा दोन माणसांचा व्यवसाय किराणा दुकानांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर लिहितो आणि काही हजारांना विकतो. एक प्रत घेऊन ती दहा दुकानांत चालवली गेली तर त्याचे पोट मारले जाते. कोर्टात जाणे त्याला परवडत नाही. प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारायचे म्हटले तर बाजारपेठेत इंटरनेट धड नाही. त्याने काय करावे? हा प्रश्न खरा आहे आणि ‘सगळे मुक्त करा’ असे म्हणून तो उडवून लावणाऱ्यांनी त्याच्या वहीतला हिशेब पाहिलेला नसतो. मराठी अक्षरजुळणीच्या क्षेत्रातील लोकांना तर हा इतिहास पाठ आहे. संगणकाच्या मागे पॅरलल पोर्टला लावायचा डोंगल (लायसन्सची खात्री देणारी छोटी डबी) असल्याशिवाय फाँट उमटत नसे, आणि डोंगल बिघडला की साप्ताहिकाचा अंक अडकून पडे. पण त्या डोंगलचा एक गुण विसरता कामा नये. तो काढून दुसऱ्या संगणकाला लावता येत असे. हक्क यंत्रात मुरलेला नव्हता, तो ग्राहकाच्या हातात होता. हार्डवेअरच्या क्रमांकाला बांधलेल्या लायसन्सने डोंगलची कटकट गेली, आणि तिच्याबरोबर ग्राहकाच्या हातातला तो हक्कही गेला.

अशा बांधणीत चूक झाली की ती कोणाच्या माथी बसते? नकली प्रत चालवणारा आभासी यंत्र उभारतो, त्याच्या सेटिंगमध्ये हवा तो यूयूआयडी लिहितो, मॅक पत्ता ड्रायव्हरच्या खिडकीतून बदलतो, आणि तीच चकती (डिस्कची प्रत) शंभर ठिकाणी चालवतो. त्याला हे क्रमांक खोटे करता येतात, नव्हे, तेच त्याचे काम आहे. अडकतो तो पैसे भरलेला दुकानदार. पावसाळ्यात वीज कमीजास्त होऊन बोर्ड जळतो, दुरुस्तीवाला नवा बसवतो, आणि सोमवारी सकाळी गिऱ्हाईक उभे असताना पडद्यावर ‘अनधिकृत प्रत’ असे येते. जे कुलूप चोराला उघडते आणि मालकाला अडवते, त्याला सुरक्षा कशी म्हणायची?

मोठ्यांनाही हा धडा हळूहळूच मिळाला. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने एका क्रमांकावर भिस्त ठेवली नाही, दहा घटकांकडे पाहिले. डिस्प्ले अ‍ॅडाप्टर, नेटवर्क कार्ड, रॅमचे प्रमाण, डिस्क, व्हॉल्यूम क्रमांक वगैरे. नेटवर्क कार्ड तेच राहिले तर उरलेल्यांतील सहा किंवा अधिक घटक बदलेपर्यंत पुन्हा सक्रिय करावे लागत नसे. ते कार्डच बदलले किंवा मुळात नसले, तर चार बदलांत पाळी येई. म्हणजे यंत्र ‘तेच’ आहे की नाही हे मतमोजणीने ठरवायचे, एका साक्षीदाराच्या शब्दावर नव्हे. हे शहाणपणाचे होते, तरी पुरले नाही. शेवटी २०१६ मधल्या विंडोज १० च्या आवृत्तीत लायसन्स ग्राहकाच्या खात्याशी जोडायची सोय आली, म्हणजे बोर्ड बदलला तरी माणूस ‘हे माझेच यंत्र’ असे सांगू शकेल. अफाट साधनसंपत्ती असलेल्या कंपनीला पंधरा वर्षांत जे कळले ते दोन माणसांच्या व्यवसायाने पहिल्याच दिवशी का स्वीकारू नये?

यावर एक प्रत्युत्तर येते आणि तेही वजनदार आहे: मग यूपीआय कशी चालते? तिथे तर फोन बांधलेलाच असतो आणि त्यावर देशाचा रोजचा व्यवहार उभा आहे. बरोबर आहे. पण बांधणीची रीत पाहा. फोन स्वतः एसएमएस पाठवतो, त्यावरून मोबाइल नंबर आणि उपकरण यांची गाठ मारली जाते, आणि व्यवहाराला साधारणपणे पिन वेगळा लागतो. उपकरण हा दोन पुराव्यांपैकी एक आहे. नवा फोन घेतला की तीच कृती पुन्हा करायची, काही मिनिटांत गाठ नव्या फोनशी. जुना फोन विहिरीत पडला म्हणून बँकेतले पैसे बुडत नाहीत. यूपीआयने बांधणी योग्य ठरत असेल तर ती सहज सुटते म्हणून. लायसन्सवाले तिचे नाव घेतात आणि नेमका हाच भाग गाळतात.

आता दुसऱ्या बाजूकडे. तिची भीती निराधार नाही, उलट इतिहास तिच्या बाजूने आहे. जानेवारी १९९९ मध्ये इंटेलने पेंटियम थ्रीमध्ये खरोखरचा ९६ बिटांचा प्रोसेसर अनुक्रमांक आणणार असल्याचे सांगितले. इंटरनेटवरील खरेदी सुरक्षित होईल हे कारण दिले गेले. खाजगीपणासाठी झगडणाऱ्या संस्थांनी बहिष्काराची हाक दिली, कारण कोणतेही संकेतस्थळ त्या क्रमांकावरून माणसाचा पाठलाग करू शकेल हे उघड होते. २००० मध्ये इंटेलने पुढच्या प्रोसेसरांतून तो वगळत असल्याचे मान्य केले. त्याच १९९९ च्या मार्चमध्ये वर्ड ९७ च्या दस्तऐवजांत नेटवर्क कार्डाच्या पत्त्यापासून बनलेला क्रमांक लपलेला असतो हे उघडकीला आले आणि मायक्रोसॉफ्टला तो काढण्याचे साधन द्यावे लागले. पत्र निनावी असले तरी ते कोणत्या यंत्रावर टंकले हे पत्रातच लिहिलेले होते.

इथे कोणी विचारेल, की क्रमांक एवढे कच्चे असतील तर त्यांच्यावरून माग कसा निघतो? आधी म्हणायचे भरवसा नाही, मग म्हणायचे धोका आहे, हे कसे? कारण दोन्ही कामांना लागणारी अचूकता वेगळी आहे. कुलपाला शंभरातली एक चूकही महागात पडते, कारण त्या एका चुकीमागे एक प्रामाणिक माणूस दाराबाहेर राहतो. पाळत ठेवणाऱ्याला शंभरातले नव्वद सापडले तरी त्याचे काम झाले. सुटलेल्या दहांबद्दल त्याला खेद नसतो. म्हणूनच तोच क्रमांक कुलूप म्हणून निकामी आणि पाळतीचे साधन म्हणून घातक ठरतो. आणि ‘आम्ही हॅश करून साठवतो, मूळ पत्ता आमच्याकडे नाहीच’ हे आश्वासन फार ताणू नये. मॅक पत्त्यातले उत्पादकाचे २४ बिट ज्ञात असतात, उरतात २४, म्हणजे १,६७,७७,२१६ शक्यता. साध्या लॅपटॉपवर त्या सगळ्यांचे हॅश काढून ताडून पाहायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही. मोबाइलच्या जगाने हे ओळखले. अ‍ॅपलने मे २०१३ पासून उपकरणाचा यूडीआयडी हा कायमचा क्रमांक वाचणारी अ‍ॅप स्वीकारणे बंद केले, अँड्रॉइड ८ पासून अँड्रॉइड-आयडी प्रत्येक विकसकाच्या सहीगणिक वेगळा मिळू लागला, आणि अँड्रॉइड १० ने साध्या अ‍ॅपना आयएमईआय (फोनचा ओळखक्रमांक) वाचण्याची वाट बंद केली. डेस्कटॉपवर मात्र आजही दार सताड उघडे आहे.

तरीही सरसकट बंदीची मागणी पटत नाही. पाचशे संगणक असलेल्या महापालिकेला कोणता बोर्ड कुठे आहे, कोणत्या बायोसला सुरक्षा-दुरुस्ती हवी, कोणत्या डिस्कची वॉरंटी संपली, हे हाताने लिहून कळणार आहे का? क्रमांक वाचणारा कोड तिथे घरचा हिशेबनीस आहे. चोरीला गेलेल्या फोनचे तेच. आयएमईआय नसलेले फोन भारतात १ डिसेंबर २००९ पासून जाळ्यातून तोडले गेले, आणि २०२३ पासून हरवलेला फोन देशभर बंद पाडण्याची सोय झाली, तिचा मोठा आधार हाच क्रमांक आहे. याच क्रमांकाने आपली मर्यादाही दाखवली आहे. २०२० मध्ये मेरठ पोलिसांना तेरा हजारांहून अधिक फोन एकाच आयएमईआयवर चाललेले आढळले. त्या क्रमांकावरून एकाला गुन्हेगार ठरवले असते तर?

आपल्याकडच्या इतिहासात या प्रश्नाचे एक नेमके रूप सापडते. सैन्याच्या हजेरीत एकच घोडा दोनदा दाखवून पगार उपटायचा ही जुनी लबाडी. तिच्यावर अलाउद्दीन खिलजीने, आणि पुढे १५७० च्या दशकात अकबराने, दोन उपाय एकत्र वापरले. स्वाराचा हुलिया लिहून ठेवायचा आणि घोड्यावर दाग द्यायचा. हुलिया म्हणजे वर्णन: रंग, बांधा, खुणा. वर्णनाशी जुळणारा दुसरा कोणी सापडू शकतो, हे त्यांना ठाऊक होते, म्हणून दाग. आणि मराठी फौजेत आणखी एक भेद होता. बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःच्या. सरकारी पागेतल्या घोड्याची बारीकसारीक नोंद ठेवणे हे सरकारचे काम. शिलेदाराच्या घोड्याला मात्र मालक होता. कार्यालयाचा संगणक हा पागेतला घोडा आहे. त्याचा पूर्ण हुलिया कार्यालयाने जरूर लिहावा, वापरणाऱ्याला तसे सांगून. घरचा लॅपटॉप शिलेदाराचा आहे. त्याला हात लावायचा तर विचारून. हा एवढा भेद केला तरी निम्मा वाद मिटतो, पण तो कोणी करत नाही.

मग दाग कोणता? बांधणी खरोखर हवीच असेल तर टीपीएम, म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी चिप, आहे. विंडोज ११ साठी तिची २.० आवृत्ती आवश्यक असल्याने नव्या यंत्रांत ती असतेच. तिच्यात तयार केलेली खाजगी किल्ली बाहेर येत नाही. सर्व्हर एक यादृच्छिक संख्या पाठवतो, चिप तिच्यावर सही करून परत देते. क्रमांक नुसता ऐकून कोणालाही बोलून दाखवता येतो, पण सही किल्लीशिवाय होत नाही. आणि प्रत्येक सेवेसाठी वेगळी किल्ली करता येत असल्याने दोन कंपन्यांना आपले तपशील जुळवून माग काढता येत नाही. अर्थात बोर्डावरची चिप बोर्डाबरोबरच जळते, तेव्हा बदलीची वाट इथेही लागणारच.

जिथे चिप नाही तिथे लिनक्स सुरू करून सांभाळणाऱ्या सिस्टमडीने घालून दिलेला पायंडा चांगला आहे. यंत्रावर १२८ बिटांचा एक यादृच्छिक मशीन-आयडी असतो. तो सहसा हार्डवेअरमधून घेतलेला नसतो, आणि तो गोपनीय समजावा असे पुस्तिका बजावते. प्रोग्रामने तो थेट न वापरता त्याची किल्ली करून स्वतःच्या ओळखीवर एचमॅक (किल्ली मिसळून काढलेला हॅश) काढायचा आणि आलेले उत्तर वापरायचे. त्यामुळे प्रत्येक प्रोग्रामला यंत्राचे वेगळे नाव दिसते. फक्त एक जपावे लागते. चकतीची प्रत काढून दहा यंत्रे उभी केली आणि मशीन-आयडीची फाइल रिकामी केली नाही, तर दहांनाही एकच आयडी मिळतो आणि काही मांडण्यांत नेटवर्कवरचे पत्ते देणारा डीएचसीपी सर्व्हर त्यांना एकच आयपी पत्ता देतो.

आणि ज्या छोट्या व्यावसायिकाला इंटरनेटशिवाय हार्डवेअरवरच चालवायचे आहे त्याने निदान एवढे करावे. बोर्ड, यूयूआयडी, डिस्क आणि कायम बसवलेले नेटवर्क कार्ड हे घटक वेगवेगळे वाचावेत. रिकाम्या जागा काढून सगळी अक्षरे मोठी करावीत. कोऱ्या मजकुरांची यादी ठेवून तसा घटक ‘नाही’ असे धरावे, त्याचा हॅश कधीच काढू नये. ज्या मॅक पत्त्याच्या पहिल्या बाइटमध्ये ‘स्थानिक’ असल्याचा बिट चालू आहे तो सोडून द्यावा. प्रत्येक घटकाचा स्वतंत्र एचमॅक साठवावा. सगळे चिकटवून एकच हॅश केला तर काय बदलले ते कधीच कळत नाही आणि एका डिस्कपायी सगळे कोसळते. चारांपैकी दोन जुळले तर यंत्र तेच. त्याहून कमी जुळले तर कुलूप न लावता तीस दिवसांची मुदत आणि फोनवर सांगता येईल असा आठ अक्षरांचा बदली-कोड. काय वाचले ते ग्राहकाला एका पानावर दाखवावे. यातून काही प्रती चोरीला जातील का? जातील. त्या पूर्वीही जात होत्या, फक्त तेव्हा ग्राहकाचा सोमवारही जात होता.

हे सगळे आता निव्वळ तंत्राचे राहिलेले नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यात उपकरणाची कंपनी (मेक), मॉडेल, अनुक्रमांक, लागू असेल तिथे आयएमईआय किंवा मॅक, आणि फाइलचा हॅश असे रकाने आहेत. म्हणजे कोडने वाचलेला हुलिया थेट न्यायालयात जातो. तिथे ‘प्रोसेसर-आयडी’ हा अनुक्रमांक म्हणून लिहिला गेला, तर समोरचा वकील त्याच मॉडेलचा दुसरा संगणक आणून तोच आकडा दाखवील. बोर्डाच्या रकान्यात ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ निघाले तर तेच जसेच्या तसे लिहावे, डिस्क बाहेर काढून लेबलावरचा क्रमांक कोडने वाचलेल्याशी ताडून पाहावा, आणि दोन्ही जुळत नसतील तर दोन्ही नोंदवावेत.